दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतील पोटदुखी आणि शरीरातील बदल

गिरणाकाठ (भडगाव)

पाळीच्या दिवसांतील दुखण्याविषयी आता आपल्याकडे थोडेफार मोकळेपणाने बोलले जाते. आशाताई मुलींच्या बैठका घेतात, शाळांमध्येही माहिती दिली जाते. परंतु एक पाळी संपल्यानंतर आणि दुसरी येण्यापूर्वी, मध्येच एखाद्या दिवशी ओटीपोटात एकाच बाजूला कळ येते, अंगावरून पातळ चिकट स्राव जातो, छाती जड वाटते, त्याविषयी कोणी काही सांगत नाही. बचत गटातील बायका हा विषय माझ्यापाशी काढतात तेव्हा बहुतेकींनी त्याला आजारच मानलेले असते आणि काहींनी त्यापायी औषधांवर बराच पैसा घालवलेला असतो. मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. म्हणून शरीरात त्या दिवसांत काय घडते एवढेच या चर्चेच्या धाग्यात मांडते. दुखणे नेमके कशाचे आहे हे तपासणे डॉक्टरांचे काम आहे.

रक्तस्राव सुरू होतो तो पाळीचा पहिला दिवस. तेथून पुढच्या पाळीपर्यंत २१ ते ३५ दिवसांचे अंतर असले तरी ते सर्वसाधारण समजले जाते. या काळात बीजकोशात (स्त्रीबीज तयार करणाऱ्या अवयवात, ओव्हरीत) पाण्याने भरलेल्या काही बारीक पुटिका वाढू लागतात. त्यांपैकी बहुधा एकच पुढे जाते आणि १८ ते २४ मिलिमीटरपर्यंत फुगते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक (हार्मोन) मोठ्या प्रमाणात सुटू लागले, की साधारण दीड दिवसात ही पुटिका फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. सोनोग्राफीच्या खोलीत ‘अंडे फुटले’ असे म्हणतात ते हेच. फुटण्यापूर्वी बीजकोशाच्या आवरणावर ताण येतो. फुटल्यावर आतील द्रव आणि किंचित रक्त पोटाच्या आतल्या अस्तराला लागते, आणि त्या दोन्हींमुळे कळ येते. साधारण पाचांपैकी एकीला ती जाणवते. कोणाला अर्धा तास, कोणाला दिवसभर, तर क्वचित कोणाला दोन दिवस. या महिन्यात उजवीकडे दुखले तर पुढच्या महिन्यात डावीकडेच दुखेल असा नियम नाही. सलग दोन-तीन महिने एकाच बाजूलाही दुखू शकते.

हा दिवस ओळखताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला, साधारण १४ दिवसांचा असतो. कमी-जास्त होतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून जिची पाळी २८ दिवसांनी येते तिचे स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते, पण जिची ३५ दिवसांनी येते तिचे एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. अशी बाई चौदाव्या दिवशी काही झाले नाही म्हणून निर्धास्त होते आणि आठवडाभराने पोटात दुखू लागले की घाबरते. तिने पुढच्या पाळीच्या अंदाजे तारखेपासून मागे मोजले, तर त्या दुखण्याचा उलगडा बहुधा तिचा तिलाच होईल.

स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या आधी दोन-तीन दिवस योनीतून येणारा स्राव वाढतो आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक व ताणला जाणारा होतो. काहींना एखादा रक्ताचा डाग दिसतो. शरीरसंबंधाची इच्छा वाढल्याचे काहीजणी सांगतात, आणि तेही स्वाभाविकच आहे. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढते, त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर मोजलेले अंगाचे तापमान अर्ध्या अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि पाळी येईपर्यंत तसेच राहते. छाती ठुसठुसणे, पोट गच्च वाटणे, शौचाला साफ न होणे हेही त्याच पंधरवड्यातील.


वाघूर (भुसावळ)

गिरणाताई, आमच्या घरी घडलेले सांगते. माझ्या नणंदेच्या पोटात उजव्या बाजूला खाली दुखू लागले, तेव्हा एका दवाखान्यात तिला अपेंडिक्स असल्याचे सांगून शस्त्रक्रियेची तारीखही देण्यात आली. घरातल्या मोठ्यांच्या आग्रहामुळे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, तर त्यांनी पहिलाच प्रश्न शेवटची पाळी कधी आली होती असा केला, पोट तपासले, रक्ताची तपासणी करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावले. दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे थांबले होते. पण खरेच अपेंडिक्स असते आणि आम्ही घरीच थांबलो असतो तर काय झाले असते, या विचाराने आजही भीती वाटते. बायकांनी हा फरक ओळखायचा कसा?


आरोग्यसेविका (शहादा तालुका)

वाघूरताई, तुमच्या नणंदेला तपासून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले, हे योग्य झाले. घरच्या घरी खात्री करून घेता येत नाही, पण काही खुणा उपयोगी पडतात. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते, काही तासांनी उजवीकडे खाली सरकते आणि वाढतच जाते. जेवण नकोसे होते, मळमळते किंवा उलटी होते, अंगात कणकण येते, चालताना आणि खोकताना कळ जाते. स्त्रीबीजाच्या वेळचे दुखणे सुरुवातीपासूनच खाली एका बाजूला असते, त्याबरोबर ताप नसतो आणि ते हळूहळू ओसरते. दुखणे ओसरत आहे की वाढत आहे, हे आम्ही पहिल्यांदा विचारतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेतात आडोसा नाही, म्हणून केळीच्या बागेत काम करणाऱ्या बायका लघवीला जावे लागू नये यासाठी पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग आणि मुतखडा यांचे दुखणेही ओटीपोटातच येते. मुतखड्याची कळ पाठीच्या कुशीतून जांघेकडे उतरते, लाटांनी येते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. लघवी करताना आग होत असेल, वारंवार जावे लागत असेल, तर ते पाळीच्या तारखांच्या माथी मारू नये; लघवीची तपासणी करून घ्यावी.

काही परिस्थितींत मात्र घरी थांबूच नये. पाळी चुकलेली आहे आणि एका बाजूला दुखते आहे, थोडे रक्त जाते आहे, चक्कर येते आहे किंवा खांद्याच्या टोकाला दुखते आहे, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो आणि नळी फुटली तर जीवावर बेतते. एकाएकी असह्य कळ येऊन सोबत उलट्या होत असतील, तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तो वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेक आणि ओव्यात वेळ घालवू नये.

आता स्रावाविषयी, कारण सर्वांत जास्त फसवणूक तेथे होते. ‘अंगावरून पांढरे जाते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक बायकांना मी दोन प्रश्न विचारते: खाज येते का, आणि वास येतो का. दोन्हींना ‘नाही’ असे उत्तर आले, स्राव पारदर्शक असला, महिन्यातून काही दिवसच येत असला, तर बहुधा तो बीजकाळाचाच, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या दिवसांतलाच असतो. त्याने अशक्तपणा येत नाही, हाडे झिजत नाहीत आणि कंबरही त्याने धरत नाही. कंबर धरते ती बहुधा ओझ्याने आणि वाकून केलेल्या कामाने. थकवा येतो तो अनेकदा रक्त कमी असल्याने, आणि हिमोग्लोबिन तर उपकेंद्रातही तपासून मिळते. याउलट दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज, राखाडी स्राव आणि माशासारखा वास, पिवळसर-हिरवट फेसाळ स्राव, यांपैकी काही असेल तर तो संसर्ग आहे. त्यावर औषधे आहेत, आणि त्यांतील काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, ही गोष्ट घरात कोणी तरी स्पष्ट बोलायला हवी. संबंधानंतर रक्त जात असेल तर लाज न बाळगता गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी.

आमच्याकडे, अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. सिकलसेल असलेल्या मुलीच्या पोटात दुखले तर ते पाळीचे किंवा बीजाचे आहे असे घरीच ठरवू नये, कारण अंगात पाणी कमी पडल्यानेही तिला वेदनेचा झटका येऊ शकतो. तिचे कार्ड घेऊन थेट आरोग्य केंद्रात यावे.


केळीबाग (रावेर)

ताई, माझी अडचण वेगळी आहे. धाकट्याच्या जन्मानंतर माझे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले. त्यानंतरही दर महिन्याला मधल्या दिवसांत कूस दुखते. शेजारच्या काकू म्हणतात की ऑपरेशन बिघडले. गावाजवळच्या एका दवाखान्यात तर मला सरळ सांगण्यात आले की आता मुले झाली आहेत, पिशवी काढून टाका म्हणजे दुखणेही जाईल आणि पांढरे जाणेही थांबेल. घरी त्यासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू झाली आहे.


गिरणाकाठ (भडगाव)

केळीबागताई, पैशांची जुळवाजुळव आधी थांबवा आणि हे शांतपणे वाचा. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत गर्भनळ्या बांधतात किंवा कापतात. बीजकोशाला हात लावत नाहीत. त्यामुळे स्त्रीबीज पूर्वीसारखेच दर महिन्याला बाहेर पडते, मात्र वाट बंद असल्याने ते पोटातच विरून जाते. दुखणेही पूर्वीसारखेच राहते, आणि त्यावरून ऑपरेशन बिघडले असे ठरत नाही. ऑपरेशननंतर पाळी चुकली तर मात्र ताबडतोब गर्भचाचणी करावी, कारण अशा वेळी क्वचित गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. तांबीनेही स्त्रीबीज थांबत नाही. ते थांबते माला-एनसारख्या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि अंतरा इंजेक्शनने. म्हणूनच ज्यांना मधल्या दिवसांत फार त्रास होतो त्यांना डॉक्टर कधी कधी रोजच्या गोळ्या सुचवतात. आठवड्याला घ्यायची छाया ही गोळी वेगळ्या प्रकारची आहे, तिने स्त्रीबीज सहसा थांबत नाही.

गर्भाशय काढण्याविषयी मला थोडे कठोरपणे लिहावे लागेल. गर्भाशय काढले आणि बीजकोश ठेवले, तर रक्तस्राव थांबतो, पण स्त्रीबीज बाहेर पडणे चालूच राहते आणि एका बाजूची ती कळही येऊ शकते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करायची ते दुखणे तसेच राहणार. आणि बीजकोशही काढले तर ऐन तिशी-पस्तिशीत पाळी गेल्यासारखी अवस्था येते, अंगातून वाफा येतात, झोप जाते, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. फार मोठ्या गाठी, कर्करोग, कशानेही न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया करावी लागते आणि तेव्हा ती आवश्यकच असते. पण निरोगी बीजकाळाची कळ आणि पारदर्शक स्राव हे त्याचे कारण कधीही होऊ शकत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या चाळीसगाव भागातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात, तेव्हा तो प्रश्न दुसऱ्या मुलखाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तुम्ही जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात एकदा दाखवा, आणि शस्त्रक्रिया कोणत्या आजारासाठी सुचवली आहे ते आधीच्या दवाखान्यातून कागदावर लिहून मागा.


पांझरा (धुळे)

पुरुष सदस्याने येथे लिहावे की नाही याचा विचार करत होतो, पण शंका खरी आहे. पत्नीच्या सोनोग्राफीच्या अहवालात उजव्या बीजकोशात २१ मिलिमीटरची पुटिका आणि गर्भाशयामागे थोडे पाणी असल्याचे लिहिले आहे. पुढील तपासणीला आठवडा आहे आणि घरात गाठ झाली म्हणून रडारड चालू आहे.


आरोग्यसेविका (शहादा तालुका)

दादा, तुम्ही लिहिलेत ते बरेच झाले. अहवालावरची तारीख आणि पत्नीच्या शेवटच्या पाळीची तारीख शेजारी ठेवून पाहा. सोनोग्राफी मधल्या दिवसांत झाली असेल तर २१ मिलिमीटरची पुटिका म्हणजे पक्व होत आलेले स्त्रीबीज, आणि गर्भाशयामागचे थोडे पाणीही त्या दिवसांत नेहमी दिसते. स्त्रीबीज गेल्यावर त्याच जागी जी पिवळसर ग्रंथी तयार होते तीही सोनोग्राफीत गाठीसारखी दिसते आणि पाळीनंतर आपोआप आटते. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, नुसत्या पाण्याने भरलेल्या पुटिका पाळी चालू असलेल्या बायकांत बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत जिरून जातात. घट्ट भाग, पडदे किंवा वाढता आकार असे काही लिहिलेले असेल तर डॉक्टर पुढचे सांगतीलच. आठवड्याच्या आत एकाएकी जोराची कळ आली तर मात्र वाट पाहू नका.


नवी सदस्य (चोपडा)

लग्नाला दोन वर्षे झाली आहेत आणि आम्हाला मूल हवे आहे. सासूबाई म्हणतात की पाळीची आंघोळ झाल्यानंतरचे तीन-चार दिवसच कामाचे असतात. शिवाय मला मधल्या दिवसांत दुखते म्हणून मी दरवेळी मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेते. त्यात काही चुकते आहे का?


गिरणाकाठ (भडगाव)

दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या विचारल्या आहेत. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, स्त्रीबीज मात्र १२ ते २४ तासच. म्हणून स्त्रीबीज बाहेर पडण्यापूर्वीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस गर्भधारणेचे. पाळी २८ दिवसांची असेल तर ते साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत येतात. स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजून काढायचा, हे जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले. सासूबाईंना खोटे ठरवण्याची गरज नाही. ज्यांची पाळी लवकर लवकर येते त्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे जुळूही शकते. तुमची पाळी किती दिवसांनी येते त्यावरून तुमचे दिवस ठरतील, आणि ताणला जाणारा स्राव ही त्यांची सर्वांत सोपी खूण आहे. याच हिशेबावर विसंबून गर्भ टाळायचा प्रयत्न मात्र कोणी करू नये, कारण प्रवास, आजारपण, जागरण यांनी तारीख पुढेमागे होते.

गोळीविषयी सावध राहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनामिक ॲसिड या जातीच्या गोळ्या ज्या रसायनांना अडवतात त्यांचा पुटिका फुटण्यात वाटा असतो. त्या नेमक्या याच दिवसांत घेतल्या तर पुटिका न फुटता तशीच राहू शकते. मूल हवे असेल तर या दिवसांत त्या टाळून गरम पाण्याची पिशवी, थोडी विश्रांती आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून, एवढ्यावर भागवावे. उपाशीपोटी वेदनाशामक गोळी तर कोणीच घेऊ नये. तुमचे वय ३५ पेक्षा कमी असले तरी एक वर्ष प्रयत्न करून यश आले नसेल तर दोघांनीही तपासणी करून घ्यायला हवी. दोघांनीही. वीर्याची तपासणी सर्वांत सोपी असताना आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते.


तळोदेकर (नंदुरबार)

येथे सर्वजण हे दुखणे स्वाभाविक आहे असे लिहीत आहेत, आणि माझा आक्षेप नेमका त्याच शब्दाला आहे. मी पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून मला मधल्या दिवसांत आणि पाळीतही असह्य दुखत असे. मी कॉलेज बुडवून गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत असे, आणि घरी, दवाखान्यात, सगळीकडे एकच उत्तर मिळाले की बायकांना हे व्हायचेच. लग्नानंतर संबंधाच्या वेळीही दुखू लागले तेव्हा कोठे दुर्बिणीतून तपासणी झाली आणि एंडोमेट्रिओसिस असल्याचे कळले. तोपर्यंत बीजकोशावर रक्ताची गाठ झालेली होती. आणखी एखादी मुलगी हा धागा वाचून गप्प बसू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.


गिरणाकाठ (भडगाव)

तळोदेकरताई, तुम्ही लिहिले ते या धाग्यात असायलाच हवे होते. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे अस्तर बाहेर, बीजकोशावर किंवा आतड्यावर वाढते, आणि निदानाला अनेकदा वर्षानुवर्षे उशीर होतो. म्हणून सीमा कोठे आखायची ते लिहिते. बीजकाळाची कळ काम थांबवत नाही, शेकाने किंवा साध्या गोळीने आटोक्यात येते, फार तर दोन दिवसांत जाते आणि महिन्यागणिक वाढत नाही. जे दुखणे दर महिन्याला वाढते, शाळा-कॉलेज किंवा रोजंदारी बुडवते, दोन दिवसांपेक्षा लांबते, संबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी होते, किंवा ज्याच्यासोबत ताप आणि घाण वासाचा स्राव येतो, त्याची तपासणी झालीच पाहिजे. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणून ते दुखणे खोटे ठरत नाही, कारण सुरुवातीचा एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातील दिनदर्शिकेवर केलेल्या तीन महिन्यांच्या खुणा घेऊन जाव्यात: पाळी कधी आली, कधी थांबली, कोणत्या तारखेला कोणत्या बाजूला दुखले, किती वेळ दुखले, कोणती गोळी घेतली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सर्वांसमोर लिहायचा संकोच वाटत असेल तर वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहावे. ‘खूप दिवसांपासून दुखते’ या वाक्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. या नोंदीवरून दुखणे बीजकाळाचे आहे की नाही हे बऱ्याच वेळा पाच मिनिटांत लक्षात येते.


वाघूर (भुसावळ)

एक शेवटची शंका. माझ्या मुलीची पाळी गेल्या वर्षी सुरू झाली. तारखा अजिबात जुळत नाहीत, कधी २५ दिवसांनी तर कधी ५० दिवसांनी येते. तिच्यासाठीही अशी नोंद ठेवावी का?


आरोग्यसेविका (शहादा तालुका)

जरूर ठेवा, आणि ती तिलाच ठेवू द्या. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत बऱ्याच महिन्यांत स्त्रीबीज बाहेर पडतच नाही, म्हणून अंतर कमी-जास्त होते आणि मधल्या दिवसांच्या खुणाही नियमित दिसत नाहीत. सुरुवातीला नुसत्या पाळीच्या तारखा पुरेत. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी आली नाही, एका दिवसात दर तासाला नॅपकिन बदलावा लागला, किंवा तीन वर्षे होऊनही अंतर ४५ दिवसांच्या पुढेच राहिले, तर तिला दाखवायला घेऊन या. हिमोग्लोबिनची तपासणी मात्र त्यासाठी थांबवू नका. ती याच आठवड्यात करून घ्या.